फुलामागचे गवत

साताऱ्याजवळील कास पठारावर भाद्रपदाच्या सुमारास तेरडा, सोनकी, गेंद आणि सीतेची आसवे बहरतात. युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत कासचा समावेश आहे. सुटीच्या दिवशी सहकुटुंब तेथे जाणारे असंख्य छायाचित्रे टिपतात. घरी आल्यावर मात्र चित्रात फुलापेक्षा मागचे गवताचे जंजाळ, रस्त्यावरची मोटार किंवा कोणाची तरी रंगीत छत्रीच अधिक ठळक दिसते.

याचे कारण सोपे आहे. डोळा आपल्याला हवे तेवढेच पाहतो. कॅमेरा समोरचे सारे नोंदवतो. उभ्याने खाली रोखून टिपल्यास फुलालगतची जमीनच पार्श्वभूमी होते. तेच बसून, फुलाच्या पातळीवरून पाहिले की मागे दूरचा उतार किंवा आकाश येते. फूल भिंगाच्या जवळ आणि पार्श्वभूमी दूर असली की ती आपोआप धूसर होते. कॅमेऱ्यात छिद्राचा आकडा लहान, म्हणजे २.८ किंवा ४ ठेवल्यास हा परिणाम वाढतो. पाऊलभर सरकून फुलामागे सावलीचा भाग आणला, तर फिकट पाकळ्याही उठून दिसतात. ढगाळ हवेतील सौम्य प्रकाश या कामी उत्तम.

इतके करूनही एखादे पाते आड येते आणि ते उपटण्याचा मोह होतो. येथेच थांबावे. जांभ्या खडकावर येथे मातीचा पातळ थर आहे. ती इतकी निकस असते, की सीतेची आसवे ही चिमुकली वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली नत्राची गरज भागवते. गेंदाची पाने गवतासारखीच दिसतात. त्यामुळे ‘गवत’ म्हणून उपटलेले रोप उद्याचे फूलही असू शकते. तेरडा तर एकाच हंगामाचा सोबती. बी धरण्यापूर्वी पायाखाली गेला, तर त्याच्यामागे पुढील वर्षासाठी काहीच उरत नाही.

म्हणून पायवाट न सोडता लांब पल्ल्याचे भिंग वापरावे. आड येणारे पाते हाताशी असेल, तर क्षणभर हलकेच बाजूला धरून सोडून द्यावे. तरीही चित्र साधत नसेल, तर त्या फुलाचा नाद सोडून वाटेलगतचे दुसरे फूल शोधावे. मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी हे आधी स्वतः पाळावे. मुले ते पाहूनच शिकतात.