घर धंद्याला लावलं की ते खासगी राहत नाही

जून २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या महापौरांनी जाहीर केलं, की शहरातल्या १०,१०१ पर्यटक-फ्लॅटांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर पुढे चालू राहणार नाहीत. कारण साधं होतं. दहा वर्षांत शहरातलं घरभाडं ६८ टक्क्यांनी वाढलं होतं. ज्या कायद्याच्या आधारावर हा निर्णय झाला, त्याला दिलेलं आव्हान स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये फेटाळलं. मालमत्तेचा हक्क आहे, पण शहरात राहणाऱ्यांच्या निवाऱ्याच्या गरजेपुढे त्याला मर्यादा घालता येते, ही गोष्ट तिथे कायद्याने मान्य झाली.

हे प्रकरण युरोपातल्या पर्यटकांचं आहे, आपला काय संबंध, असं वाटू शकतं. संबंध आहे. आपल्यापैकी बहुतेक जण शिक्षणासाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी परक्या शहरात खोली शोधत फिरलेले आहेत. गावात आपलं जे काही घर असेल ते असेल, शहरात आपण भाडेकरूच असतो. म्हणून शहरातली घरं कुणासाठी राखायची, हा प्रश्न आधी आपला आहे.

या धंद्याचं गणित असं. वर्षभराच्या भाडेकरूकडून जेवढं भाडं मिळतं, त्याहून जास्त पैसा रोजच्या पाहुण्यांकडून मिळू लागला, की मालक भाडेकरू काढतो. एकाने काढला तर फरक पडत नाही. हजारोंनी काढले की भाड्याची घरं आटतात, उरलेली महागतात आणि हॉटेलात चादरी बदलणारी बाई दोन तास दूर राहायला जाते. पर्यटनावर जगणाऱ्या शहरात पर्यटनाचं काम करणाऱ्यालाच जागा उरत नाही.

शहरांनी यावर वेगवेगळे उपाय काढले. ॲमस्टरडॅममध्ये २०१९ पासून राहतं घर वर्षात ३० रात्रींपेक्षा जास्त पाहुण्यांना देता येत नाही. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीचा कायदा अमलात आणला. ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर मालक स्वतः तिथे राहत असला पाहिजे आणि पाहुणे दोनपेक्षा जास्त नकोत. नोंदणी नसलेल्या घराचे पैसे एअरबीएनबीसारख्या कंपनीला घेता येत नाहीत. जबाबदारी मालकाबरोबर कंपनीवरही टाकली, हा यातला कळीचा मुद्दा. तरीही न्यूयॉर्क स्वस्त झालेलं नाही. नियमांनी गळती थांबते, नवी घरं बांधली जात नाहीत. ती सरकारला बांधावीच लागतात.

व्हेनिसचा उपाय मात्र तपासून घ्यावा असा आहे. एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसभरासाठी येणाऱ्याकडून तिथे पाच युरो प्रवेशशुल्क घेतलं जाऊ लागलं. मुक्कामाला राहणाऱ्याला हे शुल्क नाही, कारण तो हॉटेलात वेगळा पर्यटक-कर भरतो. पण ज्याला मुक्काम परवडत नाही, जो डबा घेऊन सकाळी येतो आणि रात्री परत जातो, तोच इथे ‘गर्दी’ ठरतो. घरं गिळणारा धंदा आणि फिरायला आलेला गरीब माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही सरमिसळ आपल्या ओळखीची आहे. गोव्यात ‘दर्जेदार पर्यटक’ हवेत असं बोललं जातं, तेव्हा दर्जा खिशावरून ठरतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो लोकांबद्दल दरवर्षी कचरा आणि गैरसोयीची तक्रार होते. कुणाच्या येण्याला पर्यटन म्हणायचं आणि कुणाच्या येण्याला गर्दी, हे आपल्याकडे जात पाहून ठरत आलं आहे. म्हणून पर्यटनावरचे निर्बंध मागताना ते धंद्यावर हवेत, माणसावर नकोत, हे आपण ठामपणे म्हटलं पाहिजे.

आता दाराच्या आतली गोष्ट. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबीवर सारखीच माहिती असलेल्या पाहुण्यांच्या नावाने विनंत्या पाठवल्या. फक्त नावं वेगळी होती. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडे आडनाव हेच काम अधिक बिनचूक करतं. दिल्ली आणि आसपासच्या शहरांतल्या भाड्याच्या घरांवर सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम नावांना मिळालेले थेट नकार आणि जादा अटी त्यात मोजून मांडल्या आहेत.

नकार देणारा म्हणतो, घर माझं आहे, कुणाला ठेवायचं ते मी ठरवेन. पण रोजच्या भावाने, जाहिरात करून, अनोळखी माणसाला विकली जाणारी खोली हे घर उरत नाही, ती लॉज होते. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं आणि हॉटेलांत जातीवरून मज्जाव करायला बंदी आहे. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ मध्ये ‘हॉटेल’ या शब्दात लॉजिंग आणि बोर्डिंगही धरलं आहे. संविधान सभेत बाबासाहेबांनी ‘दुकान’ हा शब्द व्यापक अर्थाने घेतल्याचं, पैसे घेऊन सेवा देणारा कुणीही त्यात येतो असं स्पष्ट केलं होतं. कायद्याची वाट तयार आहे, तिच्यावर चालणारी यंत्रणा नाही.

गोव्यात पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांना १९८२ च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते. इतर राज्यांतही होमस्टेच्या योजना आहेत. या प्रत्येक नोंदणीत तीन अटी असाव्यात. जात किंवा धर्मावरून नकार दिला तर नोंदणी रद्द. नकार किती आणि कुणाला, याचा हिशेब कंपनीने सरकारला द्यायचा. आणि स्वतःच्या राहत्या घरातली एखादी खोली देणाऱ्या गरीब कुटुंबाला सोपे नियम, तर दहा फ्लॅट घेऊन बसलेल्याला कडक.

बार्सिलोनाने दाखवलं, की घराच्या मालकीला शहर अटी घालू शकतं. भाड्याच्या घरातली जातीची अट काढून टाकणं त्याहून अवघड नाही. त्यासाठी मागणी लावून धरणारे लोक हवेत, आणि आडनाव सांगितल्यावर फोन कट झाल्याचा अनुभव असलेले आपण ती मागणी सर्वात नेमकी मांडू शकतो.