मधल्या फळीतली ती

स्त्रियांच्या खेळाचे कौतुक होते, मूल्यमापन मात्र होत नाही. मला यात दुजाभाव दिसतो.

इंग्लंडची किएरा वॉल्श बचावात्मक मिडफिल्डर आहे. बचावफळीकडून चेंडू घेऊन पुढची वाट शोधून देणे हे तिचे बळ. २०२२ च्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एला टूनचा गोल तिच्याच लांब पासवर झाला. सामन्याची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. उणीवही सांगायला हवी. प्रतिस्पर्ध्यांनी तिच्यामागे एक खेळाडू लावून ठेवली, की संघाची खेळी खुंटते.

पण ही उणीव तिची एकटीची का? २०२३ च्या विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध तिचा गुडघा दुखावला. चीनविरुद्धच्या पुढच्या सामन्यात संघाने रचनाच बदलली आणि ६-१ असा विजय मिळवला.

आपल्या संघटनांतही कोर्टाच्या तारखा, पोलीस ठाण्यातला पाठपुरावा, हिशेब सारे एकटीने सांभाळणारी मैत्रीण असते. ती आजारी पडली की केंद्र ठप्प होते आणि मार खाऊन आलेली बाई दारातून परत जाते. तिला ‘संघटनेचा कणा’ म्हणून आपण मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तिच्या कामांची यादी करून ती वाटून घ्यावी, असे मी सुचवते.