टीप म्हणजे बक्षिसी नव्हे!

परदेशवारीची तिकिटं काढून झाली की नातेवाईकांचा एक प्रश्न हमखास येतो. "अरे, तिकडे टीप किती ठेवायची?" अमेरिकेतला आकडा सांगितला की पुढचं वाक्यही ठरलेलं. "वीस टक्के? ताटल्या आणून ठेवल्या म्हणून? त्याला पगार मिळतोच ना!"

मंडळी, इथंच तर घोडं पेंड खातं. आपल्याकडे बडीशेपेच्या बशीत दहा-वीस रुपये ठेवतो ती बक्षिसी. खूश झालो तर ठेवू, नाही तर नाही. अमेरिकेत टीप हा वेटरच्या पगाराचाच भाग आहे, फक्त तो द्यायचं काम मालकाने गिऱ्हाइकावर ढकललंय.

तिथलं देशपातळीवरचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, तेही २००९ पासून तेवढंच. पण टीप मिळणाऱ्या माणसाला मालकाने २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही! टीप कमी पडली तर फरक मालकाने भरावा असा नियम आहे, पण त्यासाठी भांडायचं कोणी? ज्याची नोकरी त्याच मालकाच्या हातात आहे त्याने. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं. टेक्सासमध्ये मात्र २.१३च.

ही पद्धत चांगली आहे असं मी अजिबात म्हणत नाही. तिचा इतिहासही काळाच आहे. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनडब्यांत गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना तुटपुंज्या पगारावर ठेवलं आणि बाकीचं प्रवाशांच्या मर्जीवर सोडलं. १९०९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने टीपेवर चक्क बंदी घातली होती. ती काही टिकली नाही.

"मग मालकाने द्यायचा पगार आम्ही का द्यायचा?" प्रश्न बरोबर आहे हो, पण विचारताय चुकीच्या माणसाला. टीपेच्या रकान्यात तुम्ही शून्य लिहिलंत म्हणून मालकाच्या गल्ल्यातला एक सेंटही कमी होत नाही. जेवणाचे पैसे त्याला पूर्ण मिळालेले असतात. तुमच्या तत्त्वाची किंमत मोजतो तो तासभर तुमच्या टेबलाभोवती फिरलेला वेटर.

याचा अर्थ जगभर नोटा वाटत सुटा असा नाही. जपानमध्ये टेबलावर पैसे ठेवलेत तर विसरलात समजून मागे धावत येऊन परत देतील. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेनूतल्या किमतीतच धरलेले असतात. अमेरिकेतही कॉफीच्या काउंटरवरचा पडदा टक्के विचारू लागला तर बिनधास्त नाही म्हणा. आणि मोठा गोतावळा घेऊन जेवायला गेलात तर टीप आधीच बिलात लावलेली असू शकते, तेव्हा बिल नीट वाचा.

पण टेबलावर बसून कोणाकडून वाढून घेणार असाल, तर मेनूतल्या किमतीत वीस टक्के मिळवूनच ऑर्डर द्या. परवडत नसेल तर काउंटरवरून बर्गर घ्या, नाही तर हॉटेलच्या खोलीत दशम्या-चटणी सोडा. त्यात कसलीही लाज नाही.