गुग्गुळाची परीक्षा

राजस्थान व गुजरातमधील रुक्ष, खडकाळ भूमीवर वाढणाऱ्या गुग्गुळाच्या काटेरी झुडपाला चीर दिली असता जो डिंक स्रवतो, त्यास आपल्या वैद्यकात प्राचीन काळापासून मान्यता आहे. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून सूत्र घेऊन जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात कोलेस्टेरॉल वाढलेल्या सशांना हा डिंक देऊन पाहिला, तेव्हा ते प्रमाण उतरले. १९६६ मध्ये त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने या डिंकाचा प्रमाणित अर्क सिद्ध केला आणि तो औषध म्हणून विक्रीस आला.

जुने ते सोने, असे म्हणावयास श्रम पडत नाहीत; ते कसोटीवर घासावयास पडतात. सत्यवतींनी ते घेतले, हे त्यांचे मोठेपण होय. मात्र एकदा घासून कसोटी संपत नसते. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ प्रौढांवर ८ आठवडे एक परीक्षण झाल्याचे प्रसिद्ध झाले. काहींस अर्क, तर काहींस तशीच दिसणारी निर्गुण गोळी दिली होती. निर्गुण गोळी घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल ५ टक्क्यांनी घटले. अर्क घेणाऱ्यांचे मात्र ४ ते ५ टक्क्यांनी वाढले! सहा जणांच्या अंगावर पुरळही उठले. आहार निराळा म्हणून फल निराळे, असे कोणी म्हणेल. तसे असल्यास आपल्या आहारावर असलेल्या लोकांत तितकेच काटेकोर परीक्षण करावे. ग्रंथवचन पुढे करून ते टाळू नये.

वनस्पतिज तेवढे निरुपद्रवी, ही समजूत मधुमेह्यास विशेष घातक ठरते. कारल्याचा रस किंवा जांभळाच्या बियांचे चूर्ण सुरू करून कोणी इन्सुलिन थांबवितो. त्या रसात गुणकारी द्रव्य आज किती आणि उद्या किती, हे कोणासच ठाऊक नसते. युरोपातील गॅलेगा या वनस्पतीची कथा येथे आठवावी. तिच्यातील गॅलेजीन हे द्रव्य रक्तशर्करा उतरविते. पण ते विषारी. रसायनज्ञांनी त्याच जातीची संयुगे घडविली. त्यांपैकी मेटफॉर्मिन १९५७ मध्ये फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी मधुमेहावर वापरले व आज ते मोजून मापून दिले जाते. वनस्पतीने वाट दाखविली, पण औषध प्रयोगशाळेत घडले.

गुग्गुळाची वाट मात्र उलट दिशेने चालली आहे. अधिक डिंकाच्या लोभाने दिलेल्या खोल चिरांनी झुडपे वाळून जातात, आणि अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत आज त्याचे नाव आहे.