भूकंप टळत नाही, पडझड टळू शकते

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाले. दख्खनचे पठार स्थिर खडकाचे मानले जात असता येथे भूकंप कसा, असा प्रश्न दोन्ही वेळी विचारला गेला. शास्त्राने त्याचे उत्तर दिले आहे. ते समाजाने पचविले आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

शेषाने फणा हलविला की धरणी कापते, ही कल्पना मागे पडून युगे लोटली. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर रीड या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की खडक वेताच्या छडीप्रमाणे काही मर्यादेपर्यंत वाकतो, ताण साठवितो आणि मर्यादा ओलांडताच तुटून सरकतो. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे रेटला जात आहे. त्या रेट्याचा ताण हिमालयापुरता मर्यादित राहत नाही. पठाराखालच्या जुन्या भेगांतही तो साठतो. कोयनेच्या जलाशयातील पाणी अशा ताणलेल्या भेगांना निमित्त ठरले, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मूळ शक्ती मात्र भूगर्भातलीच.

मोकळी झालेली ही ऊर्जा लहरींच्या रूपाने प्रवास करते. प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने खडकाला दाबत आणि ताणत पुढे जातात. मागोमाग, जवळपास निम्म्या वेगाने, आडवे हेलकावे देणाऱ्या दुय्यम लहरी येतात आणि भिंती पाडण्याचे काम प्रामुख्याने त्या करतात. पृष्ठभागावरून जाणाऱ्या लहरी सर्वांत मंद, परंतु दूरवर पोहोचणाऱ्या. मऊ गाळाच्या जमिनीत हादरा वाढतो. म्हणूनच २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेतील बहुमजली इमारती कोसळल्या.

भूजच्या भूकंपाची ऊर्जा किल्लारीच्या शंभरपटींहून अधिक होती. मृतांची संख्या मात्र त्या प्रमाणात वाढली नाही. किल्लारीत हजारो माणसे झोपेतच दगावली, कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे एका हेलकाव्यातच खाली आली. मनुष्यहानी केवळ भूगर्भ ठरवीत नाही, घरही ठरविते, हाच याचा अर्थ.

भूकंपाचा दिवस आणि घटका आधी सांगणे आजही शास्त्राला शक्य नाही. त्यामुळे भाकितांच्या अफवांमागे धावण्यात अर्थ नाही. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड बसविणे, दारे-खिडक्यांवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरविणे, छत हलके ठेवणे हे उपाय गवंड्याच्या आवाक्यातले आहेत. भारतीय मानकांत ते नमूद आहेत. परंतु मानक कपाटात आणि गवंडी जुन्याच रीतीने काम करीत राहिला, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? शाळा आणि दवाखाने यांपासून जुन्या इमारतींच्या तपासणीस प्रारंभ झाला पाहिजे. धरणीचा पुढचा हादरा कोणाला विचारून येणार नाही. तो येण्यापूर्वी भिंती बळकट करणे मात्र सर्वस्वी माणसाच्या हाती आहे.