अर्ध्या तिकिटाचे वय

मे महिना लागला की रत्नागिरीच्या एस.टी. स्थानकावर एक लहानसा प्रसंग दिवसातून अनेकदा घडतो. मुंबईहून आलेले एखादे कुटुंब गावाकडच्या गाडीत बसते, कंडक्टर मुलाकडे पाहून वय विचारतो आणि वडील शांतपणे सांगतात, "अकरा." त्याच क्षणी मुलगा ताठ होऊन म्हणतो, "बारा पूर्ण झालीत. मागच्याच महिन्यात!" आजूबाजूचे प्रवासी हसतात, वडील ओशाळतात, कंडक्टर पूर्ण तिकीट फाडतो. वडिलांचे थोडे पैसे जातात खरे, पण मुलाने ते तिकीट पुढे कित्येक दिवस खिशात जपून ठेवलेले असते.

एस.टी.च्या हिशेबी 5 ते 12 वर्षांचे मूल म्हणजे अर्धा माणूस. रेल्वेचा हिशेबही तसाच होता. मात्र 21 एप्रिल 2016 पासून या वयाच्या मुलाला आरक्षित डब्यात स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडे द्यावे लागते आणि अर्ध्या भाड्यात जागा मिळत नाही. कोकण रेल्वेने येणाऱ्या चाकरमान्याला हा नियम महाग पडला. त्याच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांना मात्र तो मनापासून पटला असला पाहिजे. जागा स्वतःची असणे, तिकिटावर आपले नाव पूर्ण भाड्यानिशी छापलेले असणे, यातला आनंद मोठ्यांना कळण्याच्या पलीकडचा आहे. तो त्यांनी भोगलेला असतो, पण ते विसरलेले असतात.

नऊ ते बारा हे वय तसे दुर्लक्षितच. बालपणाचे कौतुक सरलेले असते आणि तारुण्याचा दबदबा अजून यायचा असतो. घरातली माणसे या वयाला दोन मापे लावतात. पाण्याची घागर उचलायची असेल, धाकट्याला सांभाळायचे असेल, तर "एवढा घोडा झालास!" असे ऐकवले जाते, आणि रात्री मोठ्यांच्या गप्पांत बसू पाहिले, किंवा एकट्याने मांडवीच्या जेटीवर जाण्याची परवानगी मागितली, की त्याच तोंडातून "अजून लहान आहेस" हा निकाल येतो. एकाच दिवशी सकाळी घोडा आणि संध्याकाळी बाळ ठरणाऱ्या मुलाने घाईघाईने मोठे व्हावेसे मनात धरले, तर त्यात आश्चर्य कसले? सुट्टीत तर ही घाई शिगेला पोहोचते. शाळेत सारे एकाच इयत्तेचे, एकाच उंचीचे असतात. सुट्टीत घर भरते, दहावी झालेला आतेभाऊ येतो, कॉलेजात जाणारी मामेबहीण येते आणि आपण नेमके कुठल्या पायरीवर उभे आहोत हे मुलाला रोज जेवणाच्या पंगतीत कळते.

पायरी हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. कोकणातल्या जुन्या घरात मोठे होण्याच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या, आणि त्या नजरेला दिसत. हापूसच्या बागेचेच पाहावे. अगदी लहान मुलाने पडलेले आंबे गोळा करायचे. त्याच्याहून मोठ्याने आंबा देठासकट आहे की नाही हे पाहायचे, चीक अंगावर न उडू देता तो बाजूला ठेवायचा. मग अढी लावायला मदत: पेंढ्यावर आंबे मांडणे, दोन दिवसांनी ते परतणे, डागी फळ ओळखून वेगळे काढणे. हे शेवटचे काम ज्याच्याकडे सोपवले जाई त्याचा घरातला मान वाढे, कारण एक सडका आंबा हुकला की पेटी बिघडली. त्यानंतर हातात झेला यायचा. लांब काठीच्या टोकाच्या जाळीत फळ अलगद उतरवणे ही दिसते तितकी सोपी गोष्ट नव्हे. खांदे भरून येतात आणि हात जरा चुकला की खाली उभा असलेला आजा शिव्या घालतो. आणि सर्वांत शेवटी झाडावर चढणे. प्रत्येक पायरीला काम होते, जोखीम होती, आणि ती पार केल्याचे चार माणसांसमोर मिळणारे प्रमाणपत्र होते. दहा वर्षांच्या मुलाला पुढची पायरी डोळ्यांसमोर दिसत असल्यामुळे त्याच्या घाईला दिशा मिळे.

सणांतही हाच क्रम असे. गणपतीच्या आरतीत मुलांच्या हाती झांजा, मृदंगावर थाप मात्र जाणत्याची. दोन-चार वर्षे झांजांचा ताल चुकवीत चुकवीत सुधारला, की एखाद्या रात्री मृदंगवाला दमून बाजूला होई आणि मुलाची पाळी येई. शिमग्यात तर माप अक्षरशः खांद्याचे. रत्नागिरीच्या बारा वाड्यांच्या भैरीपासून लहानशा वाडीच्या देवतेपर्यंत पालख्या निघतात आणि नाचवल्या जातात. पण ज्याचा खांदा दांड्यापर्यंत पोहोचत नाही त्याने कितीही हट्ट केला तरी देव त्याच्या खांद्यावर येत नाही. वर्षा-वर्षाला मुले पालखीजवळ उभी राहून आपला खांदा मापून पाहतात. येथे कोणी "लहान आहेस" असे म्हणत नाही. दांडाच ते सांगतो, आणि दांड्यावर रुसता येत नाही.

लहान ठरवले जाण्याचे दुःख किती खोल जाते, याचे या जिल्ह्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दापोली तालुक्यातील मुरूडच्या एका मुलाचे आहे. धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेले, तेव्हा सतरा वर्षांचे होते. भर पावसात, घाट चढून, शंभराहून अधिक मैलांची ती चाल होती. साताऱ्यास पोहोचल्यावर, हा वयाने लहान दिसतो, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. पुढे महिला विद्यापीठ उभारणाऱ्या आणि 1958 साली भारतरत्न झालेल्या महर्षींनी त्या निराशेची नोंद आपल्या आत्मवृत्तात केली आहे. चेहरा पाहून माणसाची कुवत ठरवणारे ते परीक्षक आज कोणाच्या स्मरणात नाहीत. पण प्रत्येक घरात त्यांचे वारस आहेत.

अर्थात जुन्या काळाचे गोडवे गाताना सावध राहिलेले बरे. त्या पायऱ्यांपैकी काहींचे दुसरे नाव गरिबी असे होते. सातवीची फायनल झाली की मुलाची वळकटी बांधून त्याला मुंबईच्या गिरणीत असलेल्या काकाकडे पाठवायचे, आणि त्याच्या मनीऑर्डरीची वाट पाहत बसायचे, ही या जिल्ह्यातील हजारो घरांची रीत होती. त्या मुलांना मोठे होण्याची घाई होती की नव्हती, हे कोणी विचारले नाही. मुलींच्या बाबतीत तर घाई सदैव दुसऱ्यांनाच असे. 1891 साली संमतिवयाची मर्यादा 10 वरून 12 वर्षे करणारा कायदा झाला, तेव्हा केवढे काहूर उठले! परकीय सरकारने आमच्या रूढींत कायद्याने हात घालू नये, या भूमिकेतून त्याला विरोध करणारे लोकमान्य टिळक याच रत्नागिरीत जन्मले होते. मुलीच्या विवाहाचे किमान वय 14 करणारा शारदा कायदा यायला त्यानंतर 1929 साल उजाडावे लागले. बारा वर्षांच्या मुलीला 'मोठी' ठरवण्याची ही उतावीळ लक्षात ठेवली म्हणजे जुन्या वाड्याच्या पडवीवरचे ऊन थोडे कमी सोनेरी दिसते.

आजही मुलाचे आणि मुलीचे मोठे होणे सारखे नाही. मुलगा बारा-तेराचा झाला की त्याच्यासाठी दारे उघडतात. मुलगी त्याच वयाची झाली की एकेक दार लोटले जाते. कालपर्यंत विहिरीत सूर मारणाऱ्या मुलीला एका मे महिन्यात काठावर बसवले जाते. गौरीच्या रात्री साडी नेसून फुगडीत उतरण्याची हौस तिलाही असतेच. मात्र त्या साडीबरोबर काय काय येणार आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. एस.टी.त 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे पडते, त्यामुळे बारा पूर्ण झाल्याचा अभिमान मिरवणाऱ्या मुलीच्या हाती पुन्हा अर्धेच तिकीट येते. ही सवलत चांगलीच आहे. योगायोग मात्र मोठा बोलका आहे.

पायऱ्या गेल्या, घाई राहिली. मुंबई-पुण्याहून आठ-दहा दिवसांसाठी येणाऱ्या मुलाला बागेत काम शिकवण्याइतका वेळ कोणाला नाही. आंबा उतरवणारे गडी वेगळे, पेटी भरणारे वेगळे. मग पाहुण्या मुलाला रमवायचे कशाने? त्याच्या हाती मोबाइल दिला जातो, आणि तो कंटाळला की काकाच्या स्कूटरची किल्ली. मोठेपणाची दोन सर्वांत झगझगीत चिन्हे कोणतेही काम न करता, एकही पायरी न चढता त्याच्या ओंजळीत पडतात. भाट्याच्या पुलावर किंवा आरे-वारेच्या वळणावळणाच्या रस्त्यावर, पाय जमिनीला जेमतेम टेकणारा मुलगा मागे धाकट्या बहिणीला बसवून स्कूटर हाकताना दिसला, की पाहणाऱ्याच्या छातीत धस्स होते. घरची माणसे मात्र "किती हुशार आहे!" म्हणून कौतुकात असतात.

कायदा या बाबतीत कठोर आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या वाहनाचा. बाजारातल्या बहुतेक स्कूटरी त्याहून मोठ्या आहेत. पण गावच्या रस्त्यावर हवालदार कुठे असतो, या भरवशावर किल्ली दिली जाते. मोबाइलवरच्या समाजमाध्यमांची तऱ्हा तीच. तेराच्या आतल्या मुलाला खाते उघडता येत नाही, हा तेथला नियम जन्मसाल बदलून मोडणे मुलांना एका मिनिटाचे काम वाटते, आणि पुष्कळदा ते मिनिट वडिलांच्या देखरेखीखाली जाते. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतील मुलांना अशी खाती बंद केली. त्या बंदीचे फळ काय मिळते ते काळ ठरवील, परंतु एस.टी.त वय कमी सांगणारा आणि मोबाइलवर ते वाढवणारा बाप एकच असतो, यावर कोणत्याही सरकारपाशी इलाज नाही.

आणि याच बागांत आणखी एक मूल असते, ज्याच्याबद्दल या चर्चेत सहसा कोणी बोलत नाही. रत्नागिरीची आंबाबागाईत आज मोठ्या प्रमाणावर नेपाळी कामगारांवर उभी आहे. थंडीच्या सुरुवातीला ती माणसे येतात, काही बायकामुलांसह बागेतच खोपटात राहतात, राखण करतात, फवारणीला हात लावतात, आंबा उतरवतात आणि पाऊस लागण्याच्या सुमारास परततात. पाहुणा मुलगा झेला धरून छायाचित्र काढून घेतो तेव्हा त्याच वयाचे दुसरे पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभे असते. त्याला मोठे होण्याची घाई करावी लागलेली नाही. मोठेपण त्याच्या अंगावर येऊन पडले आहे. 2016 च्या कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई केली, आणि स्वतःच्या कुटुंबाच्या धंद्यात शाळा सांभाळून, सुट्टीत, धोका नसलेली मदत करण्यास मुभा ठेवली. मालकाच्या मुलाने आपल्या बागेत आंबे वेचणे आणि मजुराच्या मुलाने परक्याच्या बागेत ते वेचणे यांत कायद्याने फरक केला, तो योग्यच आहे. मात्र ही मुभा इतकी सैल आहे की तिच्या आडून पुष्कळ काही चालू शकते. मधल्या काळात त्या पोराची शाळा कोणत्या देशात, कोणत्या इयत्तेत आहे, याची चौकशी बागायतदारांनी तरी करावयास हवी.

सुट्टीतल्या मुलांपुरते बोलायचे तर फार मोठ्या योजनेची गरज नाही. अढीतला डागी आंबा निवडायला दहा वर्षांचे बोटही चालते. गेलेल्या पेट्यांचा आणि आलेल्या रकमेचा हिशेब अकरा वर्षांची मुलगी वहीत नीट मांडू शकते, आणि तो चुकला तर तिच्याकडूनच दुरुस्त करून घेता येतो. आजीला बँकेत नेऊन आणणे, पाहुण्यांच्या गाडीची वेळ स्थानकावर विचारून येणे, आरतीत एका रात्री मृदंग हाती घेणे, तोही मुलाबरोबर मुलीने, एवढ्यानेही मुलाला आपण एक पायरी वर गेल्याचे कळते. यात जोखीम आहे. हिशेब चुकेल, ताल चुकेल, दोन आंबे वाया जातील. स्कूटरच्या किल्लीत असलेल्या जोखमीपेक्षा ती खचित स्वस्त आहे.

त्यातही सर्वांत निकडीची गोष्ट पोहण्याची. गणपतीपुळ्याच्या समुद्रात बुडण्याच्या दुर्घटना वारंवार घडतात, आणि त्यात पाण्याची ओळख नसलेले, पण भीती दाखवायला लाजणारे किशोर असतात. दापोली तालुक्यातल्याच पालगडच्या साने गुरुजींनी 'श्यामची आई'त पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला शिमटी घेऊन विहिरीकडे हाकणारी आई रंगवली आहे. आजच्या आईने शिमटी घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. पण कमरेला दोर बांधून, काठावर जाणता माणूस उभा करून, मुलाला आणि मुलीला विहिरीत उतरवणारे काका-मामा वाडीत अजून आहेत. आरंभीच्या शिकवणीला उन्हाळ्यातले खाली गेलेले, निवळ पाणीच बरे. 7 जूनच्या आसपास मृग लागतो. मग विहिरी गढूळतात, भरू लागतात, आणि परतीच्या गाड्यांची आरक्षणेही त्याच सुमाराची असतात.