मास्तरांची पदवी विचारणाऱ्यांस

‘खासगी शिकवणी’ हा शब्द आपल्या प्राध्यापकवर्गात तुच्छतेनेच उच्चारला जातो. शिकवणी म्हणजे दुकानदारी आणि शिकवणीचा मास्तर म्हणजे महाविद्यालयात जागा न मिळालेला इसम, हे जणू गृहीतच आहे. आम्ही मराठीचे तीन अध्यापक गेली दोन वर्षे लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या एका मास्तरांकडे सॅक्सोफोन शिकत आहोत. हे कळताच सहकाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘त्यांचे क्वालिफिकेशन काय?’ या प्रश्नाचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

गुरु-शिष्य परंपरेचे गोडवे गाणारी मंडळीच हा प्रश्न विचारतात, हे ध्यानात घ्यावे. घराणेदार गवयाला कोणी पदवी विचारीत नाही. बँडवाल्याला मात्र आवर्जून विचारतात. तेव्हा आक्षेपाचे मूळ वादकाच्या सामाजिक स्थानात आहे. उपेक्षितांच्या साहित्यावर चर्चासत्रे भरवणाऱ्या आपल्याला गल्लीतला ज्ञानवंत दिसू नये, यास काय म्हणावे?

मास्तर नेमके काय शिकवतात तेही पाहू. अ‍ॅडॉल्फ सॅक्सने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण नाद निघतो तो बोरूसारख्या पोकळ देठापासून केलेल्या रीडमधून. खालचा ओठ दातांवर किती दुमडावा, रीड किती ओली असावी, हे पुस्तक वाचून साधत नाही. शिवाय आल्टो सॅक्सोफोनवर लिहिलेला ‘सी’ वाजवला, की प्रत्यक्षात पेटीवरची काळी दोन ऐकू येते. गायकाने पांढरी एकचा षड्ज मागितला, की मास्तर क्षणात ‘ए’पासून बोटे मांडतात. हा हिशेब त्यांनी वरातींत आणि ऑर्केस्ट्रांत पक्का केला आहे.

अशा ज्ञानाला इतिहास आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) हे नागस्वरवादकाचे पुत्र. सॅक्सोफोन त्यांना भेटला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. पुढे मंगळुरात गोपालकृष्ण अय्यर यांच्याकडे ते शिकले, गमकांसाठी त्यांनी वाद्यात फेरफार केले आणि १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये कर्नाटक संगीत वाजवले. कोणत्या अभ्यासमंडळाने आधी त्याचा अभ्यासक्रम मंजूर केला होता?

काही मास्तर केवळ गाण्यांच्या चाली घोटून घेतात, स्वरलेखनाकडे दुर्लक्ष करतात, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. ग्रेड परीक्षांनाही आमचा विरोध नाही. परंतु पाट्या टाकणारे अध्यापक नेट-सेट उत्तीर्णांतही आढळतात, हे वाचकांस सांगावयास नकोच. शिक्षकाची पारख त्याच्या वादनावरून आणि त्याच्या शिष्यांवरून करावी.

आमच्या परिचयातील एका महाविद्यालयाने शोभायात्रेसाठी या मास्तरांचा बँड बोलावला. संगीत मंडळात शिकवण्यास मात्र ‘पात्रतेच्या अभावी’ नकार दिला. मास्तरांची मुले आज या व्यवसायात नाहीत. त्यांच्या बोटांतले शिकून घेण्यास पाचदहा वर्षेच उरली आहेत. तेवढ्या अवधीत महाविद्यालयांनी अशा वादकांना मानधन देऊन वर्गात बोलवावे, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी निदान महिनाभर त्यांच्यासमोर विद्यार्थी म्हणून बसून पाहावे.